तुमची पट्टी कोणती?

एम.ए. संगीतचा पहिला दिवस. सरस्वतीपूजन झालं, स्वागतगीत झालं, पंच्याहत्तर टक्के हजेरीची तंबी देऊन झाली. मग मॅडम पेटीपुढे बसल्या आणि पहिल्या रांगेतल्या मुलीला म्हणाल्या, ''पट्टी सांग.''

''कोणतीही चालेल मॅडम.''

दुसरा म्हणाला, ''काळी दोन... बहुतेक.'' तिसरी नुसतीच हसली. चौथा नंबर माझा होता. माझ्याकडे बी.ए.ची पदवी होती, गॅदरिंगची दोन बक्षिसं होती, आणि तरी मीही तेच म्हणाले, ''कोणतीही चालेल.''

हे ''कोणतीही चालेल'' मला फार महागात पडलं. वर्गात मुलं जास्त, त्यामुळे पेटी काळी दोनवर. मी त्याच पट्टीत गात राहिले. तार षड्जापर्यंत कसंबसं जमायचं, त्याच्या वर गेलं की आवाज फाटायचा. मला वाटलं, आपला गळाच कच्चा आहे. म्हणून रियाज वाढवला, आणखी जोर लावून गायले. दिवाळीपर्यंत आवाज इतका बसला की घरी फोनवर बोलले तरी आई विचारायची, ''सर्दी झाली का?'' डॉक्टरांनी पंधरा दिवस गप्प बसायला सांगितलं. प्रॅक्टिकल तोंडावर आणि मी चिठ्ठ्या लिहून बोलत होते.

दुसऱ्या सेमिस्टरला एका सीनियर ताईने मला पेटीजवळ बसवलं, खालपासून वरपर्यंत गायला लावलं आणि म्हणाली, ''अगं, तू काळी चारची आहेस. इतके दिवस कोणाच्या पट्टीत गात होतीस?''

तिच्या या प्रश्नामुळेच हे लिहायला बसले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम या आपल्या पाच जिल्ह्यांतून यंदाही मुलं-मुली एम.ए. संगीतला येतील. स्वागत होईल, टाइमटेबल मिळेल, सिलॅबसची झेरॉक्स मिळेल. पण एक गोष्ट बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. पहिलं सेमिस्टर नवे राग जमवायचं नसतं. ते स्वतःचा आवाज, कान आणि वही नीट लावून घ्यायचं असतं. ज्याने हे पहिल्या दीड-दोन महिन्यांत केलं नाही, तो दोन वर्षं दुसऱ्याच्या पट्टीत गातो.

वर्गात कोण कोण असतं?

जरा आजूबाजूला बघा. कोणी बी.ए.ला तीन विषयांपैकी एक म्हणून संगीत घेतलेलं असतं. कोणी लहानपणापासून क्लास करून विशारद झालेलं. कोणी ऑर्केस्ट्रात गाणारं. कोणी शाळेत शिकवता शिकवता आलेलं. आणि मागच्या रांगेत दोन-तीन जण गावच्या भजनी मंडळातून आलेले.

पहिल्याच आठवड्यात वर्गाची उतरंड ठरून जाते. विशारदवाले पुढे, भजनवाले मागे. आमच्या वर्गात दर्यापूरकडचा एक जण होता. ओळख करून देताना म्हणाला, ''मले बडा ख्याल येत नाही जी, आमचं तं भजन.'' आणि असा खाली बसला, जणू काही गुन्हा कबूल केला. महिनाभराने सरांनी विलंबित एकताल लावला आणि एकेकाला समेवर यायला सांगितलं. विशारदवाले दोघं चुकले, मी चुकले. हा गडी मात्र दर आवर्तनाला बरोब्बर समेवर. ''कसं काय रे?'' विचारलं तर म्हणाला, ''लहानपणापासून खंजिरी वाजवतो ना बाप्पा.''

त्याला स्वरांची नावं सांगता येत नव्हती, पण लय रक्तात होती. मला नावं पाठ होती, पण सम सापडत नव्हती. एम.ए.च्या वर्गात प्रत्येकाकडे काहीतरी असतं आणि प्रत्येकाचं काहीतरी राहिलेलं असतं. पहिल्या सेमिस्टरची तयारी म्हणजे आपलं काय राहिलंय ते शोधणं. ते लपवण्यात चार महिने घालवू नका.

आधी आवाज

पट्टी शोधणं अवघड नाही. पेटी वाजवणारं कोणी तरी सोबत घ्या. मंद्र सप्तकात पंचमापर्यंत आवाज न दाबता उतरतो का, आणि तार सप्तकात गंधार-मध्यमापर्यंत न ओरडता चढतो का, हे बघा. ज्या षड्जावरून दोन्ही टोकं जमतात, ती तुमची पट्टी. बहुतेक मुलांची काळी एक, काळी दोनच्या आसपास असते आणि मुलींची काळी चार, काळी पाचच्या आसपास. पण हा काही कायदा नाही, अर्धा स्वर इकडे-तिकडे होतोच. झोपेतून उठल्या उठल्या किंवा सर्दी असताना बघू नका. तीन वेगवेगळ्या दिवशी बघा आणि मग वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका.

त्यानंतरचं काम जास्त कठीण आहे. वर्गात सांगायचं, ''सर, माझी पट्टी वेगळी आहे. मला पाच मिनिटं माझ्या पट्टीत गाऊ द्याल का?'' लाज वाटते, मान्य आहे. मलाही वाटली होती आणि तिची किंमत मी पंधरा दिवसांच्या मौनाने भरली. सर फार तर ''नंतर बघू'' म्हणतील. मग नंतर परत विचारा.

तानपुरा मोबाईलमध्ये आहे हे छानच आहे. पण विभागात खरा तानपुरा असतो आणि तो बहुतेक गवसणीत झोपलेला असतो. त्याला उठवा. प, सा, सा आणि खर्जाचा सा, या चार तारा लावायला शिका. पहिले आठ दिवस वैताग येईल. पण तार लावताना ''अजून किंचित वर'' हे ज्याला ऐकू येऊ लागलं, त्याचा गळाही सुरात यायला लागतो. अॅप तुम्हाला सूर देतं, तो ओळखायला मात्र तार पिळावी लागते.

आता रूमचा प्रश्न. अमरावतीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या प्रत्येकाने घरमालक काकांचं ''सकाळी सकाळी काहून ओरडता बाप्पा?'' ऐकलेलं असतं. यावर दोन उपाय. पहाटेचा खर्ज मुळात हळू आवाजातच करायचा असतो. दार लावून अर्धा तास केला तर काकांची झोप मोडत नाही. आणि मोकळ्या गळ्याचा रियाज विभागातच करा. कॉलेज भरायच्या आधी तासभर खोली उघडून मिळेल का, असा अर्ज पहिल्या आठवड्यात चार-पाच जणांनी मिळून द्या. एकट्याच्या अर्जापेक्षा पाच सह्यांना जास्त वजन असतं.

अकोल्याहून, मूर्तिजापूरहून, परतवाड्याहून रोज अप-डाऊन करणाऱ्यांना वाटतं, आपला वेळ प्रवासातच गेला. एसटीत गाता येत नाही, खरं आहे. पण ठेका धरता येतो. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा बोटांवर मोजा, प्रत्येक मात्रेचे चार भाग करत. बडनेरा ते मूर्तिजापूर एवढ्या वेळात कितीतरी आवर्तनं होतात. शेजारच्या मावशी संशयाने बघतील. बघू द्या.

मग कान

भूप आणि देसकार यांचे स्वर तेच, सा रे ग प ध. मग फरक काय? पुस्तकात लिहिलंय: भूपाचा वादी गंधार, देसकाराचा धैवत. हे लिहून परीक्षेत मार्क मिळतात. पण डोळे मिटून ऐकताना दोन मिनिटांत ''हा देसकार'' म्हणता येतं का? मारवा, पूरिया, सोहनी यांचंही तसंच. स्वर तेच, पण मुक्काम वेगळे, चाल वेगळी, वावरण्याचं सप्तक वेगळं. एम.ए.चा अभ्यास हा मुळात या वेगळेपणाचा अभ्यास आहे आणि तो कानाने होतो.

एक साधी सवय लावा. एका आठवड्याला एकच राग घ्यायचा आणि तीन वेगवेगळ्या घराण्यांच्या गायकांचा ऐकायचा. एक किराणा, एक जयपूर, एक ग्वाल्हेर, समजा. तीस सेकंदांचं रील नाही, पूर्ण विलंबित. ऐकताना वहीत तीनच गोष्टी लिहा: गायक कोणत्या स्वरावर थांबला, सम कशी घेतली, आणि तुम्हाला कुठे थांबून परत ऐकावंसं वाटलं. पंधरा आठवड्यांत पंधरा राग नीट कानात बसतील. पंचेचाळीस रागांचे आरोह-अवरोह पाठ करण्यापेक्षा हे कितीतरी जास्त कामाचं आहे.

आणि वही

इथे एक गंमत सांगते. आपल्याकडे स्वरलिपीच्या दोन पद्धती चालतात, दोन विष्णूंच्या: विष्णु नारायण भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुस्कर. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं की तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तारसाठी उभी रेघ. भातखंडे पद्धतीत सम फुलीने दाखवतात, पलुस्कर पद्धतीत एकच्या आकड्याने. क्लासमध्ये एक पद्धत शिकून आलात आणि कॉलेजात दुसरी असली, तर पहिली बंदिश उतरवून घेतानाच गाडी रुळावरून घसरते. पहिल्या आठवड्यात विचारून घ्या, ''इथे कोणती पद्धत चालते?'' आणि वहीच्या मागच्या पानावर दोन्हींच्या खुणा शेजारी शेजारी लिहून ठेवा.

दुसरी गंमत जास्त महत्त्वाची आहे. शास्त्राच्या पेपरची भीती वाटते, कारण गाइडं हिंदीत आणि संदर्भ इंग्रजीत. पण भातखंड्यांनी 'हिंदुस्तानी संगीत पद्धती' हा चार भागांचा ग्रंथ मुळात लिहिलाय मराठीत. हिंदीत तो नंतर गेला. देशभरातले संगीताचे विद्यार्थी ज्या पुस्तकाचा अनुवाद वाचतात, त्याचं मूळ तुमच्या-आमच्या भाषेत आहे आणि आपण मात्र झेरॉक्सवाल्याकडून नोट्स विकत घेतो. लायब्ररीत मागा. भाषा जुन्या वळणाची आहे, पहिली दहा पानं अडखळाल. पण पुस्तक संवादाच्या रूपात आहे. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो. आणि तो शिष्य अजिबात ''कोणतीही चालेल'' म्हणणारा नाही.

भातखंडे पेशाने वकील होते हेही लक्षात ठेवा. गावोगाव फिरून त्यांनी उस्तादांकडून बंदिशी ऐकल्या, लिहून घेतल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या. यालाच आज आपण रिसर्च म्हणतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून आपल्याकडे एम.ए.च्या पहिल्याच वर्षी रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर आहे, ४ क्रेडिटचा. मुलं म्हणतात, ''गाणाऱ्याला रिसर्च कायले पाहिजे?'' मला वाटतं, गाणाऱ्यालाच पाहिजे. कारण गाण्याबद्दल सगळ्यात जास्त ऐकीव गोष्टी गाणाऱ्यांच्याच जगात फिरतात.

गावचं गाणं घरी ठेवून येऊ नका

पहिल्या वर्षाच्या आराखड्यात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टही येतो. बहुतेक जण त्यासाठी शेवटच्या महिन्यात धावपळ करतात आणि इंटरनेटवरून काहीतरी उचलतात. खरं तर आपल्या वऱ्हाडात त्याचं साहित्य पहिल्या सेमिस्टरमध्येच दारात येतं.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई बसते. संध्याकाळी मुली जमतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, शेवटी खाऊ ओळखतात. या गाण्यांत किती स्वर लागतात? ताल कोणता? आजीची चाल आणि नातीची चाल एकच आहे का? आजीजवळ मोबाईल ठेवून रेकॉर्ड करा, आधी तिला विचारून. तारीख, गाव, गाणाऱ्या बाईंचं वय आणि गाणं त्यांनी कोणाकडून शिकलं, हे लिहून ठेवा. झालं की फील्डवर्क!

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. त्यांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला आणि खंजिरीवरचं भजन गावोगाव नेलं. आजही आपल्याकडे गावागावांत खंजिरी भजनी मंडळं आहेत. ज्यांच्या नावाने आपलं विद्यापीठ आहे ते गाडगेबाबा तर कीर्तनात समोरच्या माणसांना प्रश्न विचारत, तेही वऱ्हाडी बोलीत. मेळघाटात कोरकूंची गाणी आहेत. मराठी गझलेला घराघरांत नेणारे सुरेश भट अमरावतीत जन्मले. एवढं सगळं आजूबाजूला असताना आपण प्रोजेक्टचा विषय ''भारतीय संगीताचा इतिहास'' घेतो, याला काय म्हणावं?

आमच्या वर्गातला तो दर्यापूरचा गडी शेवटी खंजिरीवरच प्रोजेक्ट करायला तयार झाला. त्याआधी तीन वेळा म्हणाला, ''हे काय एम.ए.चं हाये का?'' हो, हेच एम.ए.चं आहे.

पोटाचं काय?

हा प्रश्न घरी विचारला जातोच. माझे बाबाही म्हणाले होते, ''गाणं चांगलंच हाये पोरी, पण मंग पोट कसं भरशीन?'' खोटं बोलणार नाही. प्राध्यापकांच्या कायम जागा मोजक्या आहेत आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे माझ्या ओळखीत आहेत. मीही त्यातलीच. नोकरीची हमी देणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवू नका.

पण तयारी पहिल्या सेमिस्टरपासून करता येते. नेटचा पहिला पेपर सगळ्या विषयांना सारखाच असतो, ५० प्रश्नांचा. त्यात अध्यापन आणि संशोधनावरचे प्रश्न असतात, म्हणजे तुमच्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरचा अभ्यास तिथे उपयोगी पडतो. दुसरा पेपर संगीताचा, १०० प्रश्नांचा. तिथे कोणी गायला लावत नाही. ज्याने वही नीट ठेवली आणि कान तयार केला, त्याला तो पेपर कमी जड जातो. आणि शिकवण्या, शाळा, साथसंगत, आकाशवाणीची ऑडिशन यातलं काहीही करा, तिथे पहिला प्रश्न पट्टीचाच असतो.

''कॉलेजात गवई घडतो का?''

नाही घडत. हा आक्षेप मला मान्य आहे. पाऊण तासाच्या तासिकेत वीस जणांना बडा ख्याल शिकवता येत नाही. गाण्यासाठी गुरूकडेच जावं लागतं, आणि शक्य असेल त्याने जरूर जावं. पण अचलपूरच्या किंवा बाळापूरच्या प्रत्येक मुलीला गुरूचं घर गाठणं जमतं का? अनेकींसाठी कॉलेज हाच एकमेव दरवाजा असतो. म्हणून तो नीट उघडा असायला हवा.

इथे कॉलेजांनाही दोन शब्द. ओरिएंटेशन एका सकाळी उरकू नका, दोन आठवडे चालू द्या. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाची पट्टी तपासून यादी भिंतीवर लावा. प्रॅक्टिकलच्या बॅचेस आडनावाप्रमाणे न पाडता पट्टीप्रमाणे पाडा. तबल्याची साथ परीक्षेच्या दिवशीच का? पहिल्या महिन्यापासून द्या, आठवड्यातून एकदा का होईना. सकाळी तासभर रियाजाची खोली उघडा. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. एक यादी, एक किल्ली आणि थोडी इच्छा पुरते.

कॉलेज हे करेपर्यंत तुम्ही थांबू नका. आमच्या बॅचनंतर आम्ही काही सीनियर्सनी ठरवलं की, दरवर्षी नव्या मुलांसोबत पहिल्या आठवड्यात पेटी घेऊन बसायचं. एकेकाला दहा मिनिटं लागतात. मागच्या वर्षी एक मुलगी आली, आवाज अगदी बारीक, मान खाली. विचारलं, पट्टी कोणती? म्हणाली, ''ताई, माहीत नाही. शोधून देता का?''

तिने पहिल्याच दिवशी विचारलं. मी विचारलं नव्हतं. तिचा आवाज दिवाळीत शाबूत होता.